वन्सं, मशीन का बंद पडलं होतं ते सांगते

वन्सं, परवा तुमच्या तेराव्याला घर माणसांनी भरलं होतं. जो येईल तो तुमच्या शिस्तीबद्दल बोलत होता. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, ते तुमच्या चालण्यातसुद्धा दिसायचं म्हणे. शाळेच्या मुली तुमची शिट्टी ऐकून जागच्या जागी थिजायच्या म्हणे. मी मान डोलवत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही उड्या मारत होतात! चक्क उड्या! कडक इस्त्रीची सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, वय सेहेचाळीस, आणि आपल्या तरसालीच्या घराच्या अंगणात दोन्ही हात वर करून तुम्ही ओरडत होतात, "चाललं! सुलू, चाललं गं!"

मला हसू आलं. शेजारी बसलेल्या मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी उठून पाण्याचा तांब्या भरायला आत गेले.

लग्न होऊन मी बडोद्याला आले तेव्हा आईनं एकच ताकीद दिली होती. "तिकडं इंजिनाचं काही बोलू नकोस. शिकलेली माणसं आहेत." आमच्या बाबांचं कऱ्हाडजवळ दुकान होतं एवढंच तुम्हा लोकांना सांगितलेलं. कसलं दुकान ते कुणी विचारलं नाही. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारी पाण्याची लहान इंजिनं बाबा दुरुस्त करायचे आणि शाळा सुटली की मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसायची. पाने देता देता सगळं शिकले. तीन वर्षं मी तुमच्या घरात नखं स्वच्छ ठेवून, तोंड मिटून राहिले. ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. ह्यांची स्कूटर बिघडायची, हे तिला लाथा घालायचे, आणि मला आतून कळत असायचं की अहो, नुसता प्लग ओला झालाय!

आणि मग तुमचं मशीन आलं.

गोरव्याच्या एका कारखान्यात नवे मालक आले होते. परदेशी भागीदार, नव्या इमारती. जुन्या साहेबांच्या बंगल्याची बाग त्यांना नको होती. तिथल्या एका अधिकाऱ्याची मुलगी तुमची विद्यार्थिनी. तिनं शब्द टाकला आणि पेट्रोलवर चालणारं गवत कापायचं लाल मशीन टेम्पोत बसून आपल्या दारात उतरलं. शाळेच्या मैदानासाठी हवं होतं तुम्हाला. पण चालू तर व्हायला हवं ना! कोपऱ्यावरच्या गॅरेजमधले दोघेजण येऊन गेले. प्लग बदलला, दोरी ओढ ओढ ओढली. शेवटी हात झटकत म्हणाले, "बेन, स्पार्क तो आवे छे, पण मशीन मरी गयुं छे."

मी आत पोळ्या लाटत होते. ती दोरी ओढल्याचा आवाज ऐकत होते. कोरडा, पोकळ आवाज. ठिणगी आहे, दाब आहे, मग पेट्रोलच पोचत नाहीये! मला लाटणं धरवेना. ते दोघे गेले आणि तुम्ही पायरीवर बसलात. तुम्हाला खांदे पाडून बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग मात्र माझं मलाच आवरलं नाही. पिठाच्या हातांनीच बाहेर आले.

"वन्सं, ते मेलेलं नाहीये."

"काय?"

"किती दिवस पडून होतं?"

"दीड-दोन वर्षं तरी. का गं?"

"टाकीत पेट्रोल तसंच ठेवलं असणार. ते आटून चिकट झालंय. मला दहा नंबरचा पाना आणि एक वाटी देता?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, वन्सं, ते मी कधीच विसरणार नाही. एक प्रश्न विचारला नाहीत. उठलात, पाना शोधलात, आणि स्वयंपाकघरातली चांगली स्टीलची वाटी आणून माझ्या हातात ठेवलीत. "ही नको, दुसरी," असं मी म्हटलं तर म्हणालात, "वाटीचं काय घेऊन बसलीस? कर!"

कार्बोरेटरच्या खालची बुडकुली, पेट्रोल साठतं ती लहान वाटी, काढली तर आत काकवीसारखा तपकिरी थर. वास मात्र वॉर्निशचा. ज्या बारीक भोकातून पेट्रोल वर चढतं ते पार बुजलेलं. विजेच्या वायरीतला एक तांब्याचा केस काढून मी ते मोकळं केलं. हवेच्या जाळीवरचा स्पंज साबणानं धुवून उन्हात वाळवला. जुनं पेट्रोल ओतून टाकलं, नवं भरलं. तुम्ही माझ्या शेजारी उकिडव्या बसून प्रत्येक गोष्ट विचारत होतात. हे काय? हे कशाला? हे असं उलटं का फिरतं? तुमच्या वर्गातली सगळ्यात त्रास देणारी मुलगी असावी तशा!

पहिल्या ओढीला काही नाही. दुसरीला खोकलं. तिसरीला असं काही गरजलं, की समोरच्या पटेलकाकी हातात झाडू घेऊन बाहेर आल्या. आणि तुम्ही उड्या मारल्यात. मग आपण दोघींनी मिळून अंगणातलं असलं-नसलं गवत कापलं, मग पटेलकाकींच्या दारातलं, मग त्यांच्याही शेजारचं. गल्लीत कापलेल्या गवताचा हिरवा वास पसरला. हे ऑफिसातून आले आणि म्हणाले, "कुणी चालू केलं हे?"

"तुझ्या बायकोनं," तुम्ही म्हणालात. "तीन वर्षं तू काय झोपला होतास?"

त्या दिवसापासून मी त्या घरातली झाले, वन्सं. लग्नानं झाले नव्हते. हे मी तुम्हाला एकदाही बोलून दाखवलं नाही. असलं काही बोललं की तुम्ही विषय बदलायच्यात.

शाळेचं मैदान तेव्हा धोक्यात होतं. रस्त्याला लागून असलेली जागा, आणि त्या वर्षांत बडोद्यात जिथं मोकळी जागा दिसेल तिथं दुकानांची रांग उभी राहत होती. ट्रस्टी जशुभाई वाईट माणूस नव्हते, पण व्यवहारी. गुडघाभर गवतात उभं राहून तुम्हाला म्हणाले, "बेन, आ जंगलनुं शुं करवानुं? छोकरीओ तो अंदर जती पण नथी." तुम्ही त्यांच्याशी भांडून वर्षभराची मुदत मागून घेतलीत. पुढच्या पावसाळ्यात मुलींच्या हॉकीचा जिल्ह्याचा अंतिम सामना आपल्या मैदानावर भरवून दाखवते. नाही जमलं तर खुशाल दुकानं बांधा. मला हे तुम्ही घरी आल्यावर सांगितलंत आणि वर म्हणालात, "आता मशीन तुझ्या हातात."

काय दिवस होते ते! शाळा सुटली की मी पोचायची. तुम्ही पुढं चालून दगड, काचा वेचायच्यात, मी मागून मशीन ढकलायची. मुली मला सुलुबेन म्हणायला लागल्या. दिवाळीपर्यंत मैदानाचा हिरवा चौकोन रस्त्यावरून दिसायला लागला आणि जाणारे सायकली थांबवून पाहायला लागले.

होळीच्या सुमाराला गवत पिवळं पडलं आणि मशीन पावसाळ्यापर्यंत ठेवून द्यायची वेळ आली. तिथं आपलं वाजलं. मी म्हटलं, टाकी पूर्ण रिकामी करायची. तुम्ही म्हणालात, गच्च भरायची.

"रिकाम्या टाकीला आतून गंज चढतो," तुम्ही म्हणालात. "मी पेट्रोलपंपावर विचारलंय."

"पंपवाला भरायलाच सांगणार ना, वन्सं!"

"तू मला शिकवतेस?"

"मशीनचं मीच शिकवते तुम्हाला."

दोन दिवस आपण बोललो नाही. मग एक दिवस मी शाळेत गेले तर मशीन पुसून, पात्याला तेल लावून, जुन्या चादरीत गुंडाळून शेडमध्ये ठेवलेलं. आणि टाकी? काठोकाठ भरलेली. मी इतकी चिडले होते, की झाकण लावून तशीच निघून आले.

आता मी जे तुम्हाला कधीच सांगितलं नाही ते सांगते.

त्याच्या आदल्या आठवड्यात तुम्ही शाळेच्या मीटिंगला होतात आणि मी एकटी मशीन चालवत होते. पहिल्यांदाच एकटी. ऊन होतं, इंजिन असं झकास चाललं होतं, की मला थांबावंसं वाटेना. मागच्या कोपऱ्यात पूर्वी कडुलिंब तोडलेला, त्याचा खुंट जमिनीलगत राहिलेला. त्याच्याभोवती तुम्ही चुन्यानं गोल आखून ठेवला होता. मशीन इथं आणायचं नाही. माझ्या पक्कं लक्षात होतं ते. पण त्या गोलाच्या आत तेवढंच एक गवताचं बेट उरलं होतं आणि मला ते बघवेना! म्हटलं, कडेकडेनं घेते. खाड्कन आवाज झाला, हँडल हातातून उसळलं आणि इंजिन जागेवर बंद. पात्याला बारीकशी खोक पडली होती, बाकी वरून काही दिसत नव्हतं. मी दोरीला हात लावला नाही. ढकलत शेडमध्ये नेलं, आणि तुम्ही आल्यावर म्हटलं, "आज एवढंच पुरे, वन्सं."

तुम्ही म्हणालात, "दमलीस. चल, चहा घेऊ."

पुढं पावसाळा आला. सामना शनिवारी दुपारी. त्याआधी पंधरा दिवस असा पाऊस लागून राहिला, की मैदानात पाय टाकता येईना. शुक्रवारी सकाळी उघडलं. गवत पिंडरीपर्यंत. चादर काढली, दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली तर दोरीनं उलटा झटका देऊन माझा हातच मागं खेचला. तुम्ही नुसतं टाकीकडे पाहिलंत.

मी टाकी उपसली. कार्बोरेटरची बुडकुली काढली. आणि वन्सं, ती आतून आरशासारखी लख्ख होती! एक थेंब चिकटपणा नाही. तेव्हा मला कळलं, की टाकी भरताना तुम्ही पेट्रोलचा कॉक बंद करून खालची बुडकुली वेगळी रिकामी केली होती. माझ्या शेजारी बसून पाहिलेलं सगळं तुमच्या लक्षात होतं. माझी भीती आणि तुमचा हट्ट, दोन्हींचा बंदोबस्त तुम्ही करून ठेवला होता. तुमचं काहीच चुकलं नव्हतं.

मग उलटा झटका कशाचा? बाबा सांगायचे, इंजिनाला पेट्रोल लागतं, हवा लागते आणि वेळेवर ठिणगी लागते. ठिणगी अवेळी पडली की दोरी मागं खेचते. मी तुम्हाला मुलींना बोलवायला पाठवलं, प्लगची वायर काढली आणि वरचं जड चाक उतरवलं. ते चाक दांड्यावर जागच्या जागी राहावं म्हणून त्यात नखाएवढी मऊ धातूची चावी बसवलेली असते. ती मधून कापली गेली होती. चाक आपल्या जागेवरून सरकलं होतं आणि त्याच्या फिरण्यावर पडणारी ठिणगी अवेळी पडत होती. पातं कशावर तरी जोरात आदळल्याशिवाय असं होत नाही.

मी ते दोन तुकडे मुठीत घेतले. तुम्ही परत आलात आणि विचारलंत, "काय झालंय?"

"एक लहानसा भाग गेलाय. बनवून आणावा लागेल."

"चल."

तुमच्या मोपेडवर मागे बसून मी गोरव्याला गेले. कशी चालवलीत तुम्ही त्या दिवशी! खड्डे, म्हशी, ट्रक, काही काही पाहिलं नाहीत. साडीचा काठ चाकात जाईल म्हणून मी एका हातानं तुमचा पदर धरून बसले होते आणि दुसऱ्या मुठीत ते दोन तुकडे. लेथवाल्या रमणभाईंनी तुकडे जुळवून पाहिले. "बेन, पोलादनी बनावी दउं? कदी नहीं तूटे."

"नको," मी म्हटलं. "मऊच हवी. ही तुटते म्हणून बाकीचं इंजिन वाचतं."

रमणभाई हसले. "साचुं. क्यांक जोरथी अथडायुं लागे छे." कुठंतरी जोरात आदळलंय, हे त्यांनी लगेच ओळखलं.

लेथ घरघरत होता. तुम्ही मोपेड लावून आत आलात आणि विचारलंत, "काय म्हणतायत ते?"

आणि मी म्हटलं, "म्हणतायत, जुन्या पेट्रोलानं खराब झालं."

एवढं सोपं होतं ते, वन्सं. तोंडातून निघूनही गेलं.

तुमचा चेहरा पडला. तुम्ही म्हणालात, "माझ्यामुळं झालं हे." आणि मी ते तसंच राहू दिलं.

अकरा वाजता नवी चावी बसली, पहिल्या ओढीला इंजिन सुरू झालं, आणि मुलींनी असा गलका केला, की जशुभाई ऑफिसातून बाहेर आले. अंधार पडेपर्यंत आपण आळीपाळीनं मैदान कापलं. उरलेली पट्टी शनिवारी सकाळी. मुलींनी पोत्यांत गवत भरभरून बाहेर काढलं. दुपारी चुन्याच्या रेघा पडल्या आणि मैदानाच्या चारी बाजूंना माणसं उभी राहिली! प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समधून सायकलींवर डबलसीट आलेली, तरसालीतली आपली सगळी गल्ली, पटेलकाकी तर खुर्ची घेऊन आल्या होत्या. आपल्या मुली एका गोलानं हरल्या. पण शेवटची पाच मिनिटं जशुभाई रेषेवर उभे राहून किंचाळत होते, "दोड, छोकरी, दोड!" सामना संपल्यावर तुमच्याकडे आले, रुमालानं कपाळ पुसलं, आणि इतकंच म्हणाले, "मेदान रहेशे, बेन."

तुम्ही माझा हात इतका घट्ट धरलात, की बांगडी पिचली.

इथंच थांबलं असतं तरी मी कदाचित विसरून गेले असते. पण तुम्ही थांबणाऱ्या नव्हतात. सोमवारी प्रार्थनेनंतर साऱ्या शाळेसमोर उभ्या राहून तुम्ही सांगितलंत, की मैदान सुलुबेननं वाचवलं, आणि तिचं न ऐकता टाकी भरून ठेवली ही माझी चूक. मी मागच्या रांगेत उभी होते. पुढं दर वर्षी मुलींची नवी तुकडी आली की तुम्ही त्यांना शेडमध्ये नेऊन तेच सांगायच्यात. "मोठ्या माणसाचंही चुकतं. चुकलं की सगळ्यांसमोर म्हणावं." दर होळीला गुडघे टेकून, रबरी नळी लावून तुम्ही स्वतः टाकी रिकामी करायच्यात. नंतर नंतर तुम्हाला उठताना माझ्या खांद्याचा आधार लागायला लागला. तुम्ही खांद्यावर हात ठेवायच्यात आणि मी दर वेळी मनाशी म्हणायची, आज सांगते.

का नाही सांगितलं? रागावला असतात म्हणून नाही. तुम्ही तर हसून मोकळ्या झाला असतात. त्या घरात मी इंजिनामुळं मोठी झाले होते, आणि इंजिनाच्या बाबतीत माझं चुकलं हे मला तुमच्यासमोर म्हणवेना. बस, एवढंच. तुम्हाला आतून ठाऊक असेल, असं म्हणून मी स्वतःला सोडवणार नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला होता.

काल शाळेत तुमची शोकसभा झाली. हॉलमध्ये तुमचा फोटो, उदबत्ती, खाली सतरंजीवर मुली. प्राचार्यांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी घरून लिहून नेलं होतं, त्यात तुमची शिस्त होती, शिट्टी होती, सगळं होतं. उभी राहिले आणि कागद उघडलाच नाही. म्हटलं, "तुमच्या बेन तुम्हाला दर वर्षी सांगायच्या की त्यांचं चुकलं होतं. नव्हतं चुकलं. मी मशीन चुन्याच्या गोलात नेलं, खुंटावर आदळलं, आणि त्यांच्याशी खोटं बोलले." सगळं सांगितलं. कॉक, बुडकुली, रमणभाई, सगळं. बोलता बोलता मलाच राहवेना, हातवारे करून, चाक कसं सरकतं ते दाखवत बोलत सुटले. हे पहिल्या रांगेत बसून माझ्याकडे बघतच राहिले होते.

बोलून झालं. मला वाटलं, आता ही माणसं मला काय म्हणतील. तेवढ्यात मागून सातवीतली एक मुलगी हात वर करून उभी राहिली. शोकसभेत कुणी हात वर करतं का! पण तुमचीच मुलगी ती.

"तो सुलुबेन," ती म्हणाली, "टांकी भरवानी के खाली करवानी?"

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा हॉल. प्राचार्य हसले, हे हसले, म्हातारे जशुभाई काठीवर हनुवटी टेकून हसले, आणि मी हसता हसता रडायला लागले. डोळे पुसले आणि म्हटलं, "दोन्ही चालतं. पण दोन्हींची रीत वेगळी आहे. चला, शेडमध्ये दाखवते."

प्राचार्य काही म्हणायच्या आत मुली उठल्या होत्या.